मॉडिफाय केलेली जिप्सी चढावर तापते, हायवेवर नाही. कुठून सुरुवात करावी?

लालमाती:
गाडी मारुती जिप्सी एमजी४१३डब्ल्यू, १.३ लिटर एमपीएफआय पेट्रोल. केलेले बदल: स्प्रिंगांनी २ इंच लिफ्ट, १ इंच बॉडी लिफ्ट (चेसिसवरून बॉडी वर उचललेली), ३१×१०.५ आर१५ मड टायर, पुढे लोखंडी बंपर आणि त्यावर विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), ग्रिलसमोर आडवी एलईडी पट्टी, बंपरपासून गिअरबॉक्सपर्यंत सलग स्किड प्लेट (तळाला दगडांपासून वाचवणारा जाड पत्रा), स्नॉर्केल (इंजिनाची हवा उंचावरून घेणारी नळी). एसी नाही. डिफरन्शियलचं रेशो मूळचंच आहे.

लक्षणं: हायवेवर तासभर चालवली तरी काटा मधल्या रेघेच्या खालीच. लो-रेंजमध्ये (सावकाश पण जास्त जोराच्या गिअरांत) दगडी चढ सुरू झाला की दहा-बारा मिनिटांत काटा लाल पट्टीला टेकतो. थांबून आयडलवर ठेवली तर उतरायला पंधरा मिनिटं घेतो. कूलंट बाटलीत चढतं आणि गाडी गार झाली की परत रेडिएटरमध्ये जातं, पातळी फारशी घटत नाही. इंजिन ऑइल स्वच्छ, सायलेन्सरला पांढरा धूर नाही.

थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) आणि वॉटर पंप दोन्ही नवीन टाकून झाले, काही फरक नाही. आता गॅरेजमधून तीन सल्ले आलेत: थर्मोस्टॅट काढून टाका, तीन थरांचा अॅल्युमिनियम रेडिएटर बसवा, व्हिस्कस पंखा काढून दोन इलेक्ट्रिक पंखे लावा. खर्चाला हात घालण्याआधी जाणकारांनी तपासणीचा क्रम सांगावा.

पानाहातोडी:
लक्षणं नीट लिहिलीत, त्यातच अर्धं उत्तर आहे. "तापते" एवढ्यावर काहीच ठरत नाही, "कधी तापते" यावर बरंच ठरतं.

वेगात तापते आणि सावकाश चालवली की उतरते: पाण्याचा प्रवाह कमी पडतोय. रेडिएटर आतून क्षारांनी बसलाय, पंपाची पाती झिजलीत, खालचा होज आत ओढला जाऊन चपटा होतोय किंवा थर्मोस्टॅट अर्धाच उघडतोय. सावकाश चालवताना तापते आणि वेगात गार होते: पाणी फिरतंय, हवा फिरत नाही. गार इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा टणक होतो: हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं सील) गळतंय.

तुमची दुसऱ्या प्रकारातली दिसते. तरीही हेड गॅस्केट आधी बाजूला काढा. पूर्ण फुटलेलं गॅस्केट तेलातल्या पाण्यावरून कळतं, पण नुकतं गळायला लागलेलं फक्त लोडवरच गॅस सोडतं आणि त्याचं चित्र तुमच्यासारखंच दिसू शकतं.

पद्धत अशी. इंजिन पूर्ण गार असताना झाकण काढा, पातळी मानेपासून चार-पाच सेंटिमीटर खाली आणा. ब्लॉक टेस्टरच्या नळीत निळं द्रव भरा, मानेवर घट्ट बसवा, इंजिन सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत वाट बघा आणि दोन मिनिटं फुगा दाबत राहा. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड येत असेल तर पेट्रोल इंजिनात निळं द्रव पिवळं होतं. पातळी खाली आणली नाही तर कूलंट टेस्टरमध्ये ओढलं जातं आणि द्रव वाया जातं. रंग बदलला नाही तर लोड देऊनही तपासा: गाडी चढावर तापवून आणा, इंजिन बंद करून पूर्ण गार होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडण्याआधी वरचा होज दाबून बघा. रात्रभरानंतरही होजमध्ये दाब शिल्लक असेल तर तो दाब पाण्याच्या उष्णतेने आलेला नाही, गॅसचा आहे.

हे स्वच्छ निघालं की मोजमाप. डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका, त्याचा मधला भाग जाणूनबुजून सुस्त ठेवलेला असतो. आणि एक धोक्याची गोष्ट: कूलंट सांडून पातळी सेन्सरच्या खाली गेली की सेन्सर नुसत्या वाफेत राहतो आणि काटा उलट खाली येतो. तापलेल्या गाडीचा काटा अचानक पडला तर इंजिन त्याच क्षणी बंद करायचं.

वरच्या होजमध्ये सेन्सरचा अॅडॉप्टर टाकून वेगळा गेज लावा. होजचा आतला व्यास व्हर्नियरने मोजूनच अॅडॉप्टर घ्या. अॅडॉप्टर रबराच्या मध्ये बसतो, त्याला बॉडीची अर्थ मिळत नाही, म्हणून अॅडॉप्टरला स्क्रू मारून वेगळी अर्थ वायर इंजिन ब्लॉकला द्या. ही वायर विसरली की गेज मेलेला दिसतो आणि लोक सेन्सर बदलत बसतात.

खालच्या होजचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या, पण चकचकीत अॅल्युमिनियमवर किंवा क्लिपवर नाही. चकाकणारा धातू खऱ्यापेक्षा बराच गार दाखवतो. काळ्या रबरावर किंवा धातूवर मास्किंग टेप चिकटवून त्या टेपवर मोजा. हवेचं तापमान सावलीत मोजून प्रत्येक वेळी लिहून ठेवा.

घाटमाथा:
बॉडी लिफ्ट वाचून थांबलो. जिप्सीत रेडिएटर बॉडीच्या पुढच्या पॅनलला, इंजिन चेसिसला आणि पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर. बॉडी एक इंच उचलली की रेडिएटर आणि त्याचं फॅन कव्हर २५ मिमी वर जातं, पंखा मात्र जागेवरच. गोल कव्हरमधून पंखा खाली सरकतो आणि खालच्या कडेला घासायला लागतो. मग गॅरेजमध्ये कव्हरचा खालचा भाग कापतात किंवा कव्हरच काढून ठेवतात. तुमच्याकडे काय केलंय ते आधी बघा. फोटो टाकलात तर उत्तम.

कव्हर नसेल तर पंखा पुढून हवा ओढत नाही, पात्यांच्या कडेने मागची गरम हवाच गोल फिरवत राहतो. हायवेवर हे कळणार नाही, कारण तिथे हवा वेगामुळे येते. लो-फर्स्टमध्ये सगळी मदार पंख्यावर.

लालमाती:
ब्लॉक टेस्ट दोनदा केली, द्रव निळंच राहिलं. सकाळी होज मऊ.

कव्हर पाहिलं. खालचा साधारण तिसरा हिस्सा कापलेला आहे. वरच्या बाजूला पंखा आणि कव्हरमध्ये अंतर जवळपास ५ सेंटिमीटर.

गेज लावून घेतलेली मापं:
हायवे, ७० च्या वेगाने २० मिनिटं, हवा ३१ अंश: वरचा होज ८७, खालचा ६२.
चढ, लो-सेकंड, साधारण २,५०० आरपीएम, १२ मिनिटं, हवा ३१ अंश: वरचा १०९, खालचा १०४.

हायवेवर २५ अंशांचा फरक आणि चढावर फक्त ५. याचा अर्थ रेडिएटर चढावर काम करत नाही असा घ्यायचा का?

पानाहातोडी:
हायवेचा फरक बाजूला ठेवा. ८७ अंशांना थर्मोस्टॅट जेमतेम उघडलेला असतो. थोडंच पाणी रेडिएटरमधून जातं, ते सावकाश जातं म्हणून खूप गार होतं. दोन होजमधल्या फरकाला अर्थ येतो तो थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर. ८२ चा थर्मोस्टॅट असेल तर तो पूर्ण उघडायला साधारण ९५ लागतात.

चढावरचं माप खरं बोलतंय. वरचं तापमान जास्त आणि फरकही मोठा, म्हणजे १५-२० अंश, असता तर पाणी कमी फिरतंय असं म्हटलं असतं. वरचं जास्त आणि फरक लहान, म्हणजे पाणी भरपूर फिरतंय पण रेडिएटरच्या जाळीत उष्णता सोडायला त्याला हवाच मिळत नाही. पंप आणि थर्मोस्टॅट बदलून फरक का पडला नाही तेही यातच आलं.

आता कागदाची चाचणी करा. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल, इंजिन पूर्ण तापलेलं, २,००० आरपीएम. वहीचा कागद ग्रिलवर नऊ ठिकाणी धरा: वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ओळीत डावीकडे, मध्ये, उजवीकडे. चांगल्या गाडीत कागद बहुतेक सगळीकडे चिकटून राहतो. कुठे पडतो, कुठे उलट बाहेर ढकलला जातो, ते लिहा. हात आणि कपडे पंख्याकडे नेऊ नका, सगळं काम ग्रिलच्या बाहेरूनच.

वाळूवाट:
व्हिस्कस पंखाही तपासून घ्या. पंख्याच्या मधल्या डबीत सिलिकॉन तेल असतं. डबीच्या पुढच्या बाजूला दोन धातूंची पट्टी किंवा गुंडाळी असते, रेडिएटरमधून आलेली हवा तापली की ती आतली झडप उघडते, तेल चकत्यांमध्ये येतं आणि पंखा पुलीबरोबर घट्ट फिरायला लागतो. तेल गळून गेलं की पंखा फिरताना दिसतो पण जोर नसतो, म्हणून बघणाऱ्याला तो चालूच आहे असं वाटतं.

तपासणी नेहमी इंजिन बंद, चावी खिशात.
गार असताना हाताने फिरवा: हलका चिकट विरोध जाणवायला हवा.
गाडी कडक तापवून, बंद करून लगेच फिरवा: विरोध स्पष्ट वाढलेला हवा. झटका दिल्यावर एक फेरीपेक्षा जास्त मोकळा गरगरत राहिला तर डबी गेली.
डबीभोवती सूर्याच्या किरणांसारखे तेलकट धुळीचे पट्टे दिसले तर तेल गळतंय.
पात्याचं टोक पुढे-मागे हलवा. ५-६ मिमीपेक्षा जास्त खेळ असेल तर बेअरिंग झिजलंय. वॉटर पंपाच्या बेअरिंगचा खेळ वेगळा ओळखा, तो पुलीला धरून हलवल्यावर कळतो.

काही जण चालू पंख्यात वर्तमानपत्राची गुंडाळी घालून तो थांबतो का बघतात. ते करू नका.

लालमाती:
कागद: वरची ओळ तिन्हीकडे चिकटतो. मधल्या ओळीत फक्त मध्यभागी. खालच्या ओळीत कुठेच नाही, आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात कागद बाहेर उडतो, तिथून गरम हवा हाताला लागते.

व्हिस्कस: गार आणि गरम दोन्ही वेळी विरोध जवळपास सारखाच, हलका. गरम असताना झटका दिला की दीड फेरी फिरतो. तेलाचे पट्टे अंधुक आहेत.

जाळीत टॉर्च मागून धरून पाहिली. खालच्या अर्ध्यात प्रकाश येत नाही. सुकलेली लाल माती आणि कुसळं.

घाटमाथा:
डावा खालचा कोपरा बघा, तिथेच उत्तर आहे. कापलेल्या कव्हरमधून सुटलेली गरम हवा रेडिएटर आणि पॅनलमधल्या फटीतून पुढे येते आणि पुन्हा जाळीत शिरते. म्हणजे रेडिएटरला ३१ अंशांची हवा मिळतच नाही. खालून स्किड प्लेट सलग असल्यामुळे गरम हवेला बाहेर पडायची वाटही नाही. आत येणाऱ्या हवेचा सगळे विचार करतात, बाहेर जाणाऱ्या हवेचा फार थोडे.

सह्याद्रीतलं कुसळी गवत हिवाळ्यानंतर सगळ्यात वाईट. कुसळ जाळीच्या पातळ पत्र्यांमध्ये, म्हणजे फिनमध्ये, आडवं बसतं, त्यावर माती थापली जाते आणि समोरून पाइप मारला की ते आणखी आत जातं. पंखा आणि कव्हर काढून इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने पाणी मारा, साध्या नळाच्या दाबाने. माती आधी अर्धा तास भिजवा. प्रेशर वॉशरचं तोंड जवळ नेलंत तर फिन आडव्या पडतात आणि त्या सरळ करायला फिनचा कंगवा घेऊन दिवस जातो. समुद्राच्या वाळूत गाडी घातली असेल तर खारं पाणी त्याच दिवशी धुवायचं, नाहीतर अॅल्युमिनियमच्या फिन भुकटी होऊन गळतात.

खारेपाणी:
हवेचं चाललंय ते बरोबर आहे, पण रेडिएटरचं झाकण कुणी विचारलं नाही.

झाकणावर ०.९ लिहिलेलं असतं ते किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. एवढ्या दाबाखाली समुद्रसपाटीला साधं पाणी सुमारे ११८ अंशांना उकळतं, कूलंट मिसळलेलं आणखी तीन-चार अंश वर. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग बसली की हे सगळं कवच जातं. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर आहे, तिथे दाबाशिवाय पाणी साधारण ९५ अंशांना उकळतं. खारदुंग ला ५,३५९ मीटर: तिथे उघडं पाणी ८२ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे तुमचा थर्मोस्टॅट उघडायच्या वेळीच. लडाखला जाणाऱ्यांनी नवीन टायरच्या आधी नवीन झाकण घ्यावं.

झाकणात दोन झडपा असतात. मोठी दाब धरते. मधली छोटी गाडी गार होताना बाटलीतलं पाणी परत आत घेते. गार गाडीचा वरचा होज चपटा बसलेला दिसला तर छोटी झडप अडकली आहे. पाणी बाटलीत जातं पण परत येत नसेल तर बाटलीच्या नळीत हवा शिरतेय, मानेवरची क्लिप बघा. लालमाती, तुमचं पाणी परत येतं, म्हणजे छोटी झडप ठीक. मोठी हातपंपाने तपासा: छापलेल्या आकड्याच्या आसपास सुटली पाहिजे आणि त्याच्या खाली दाब धरून ठेवला पाहिजे. जास्त दाबाचं झाकण लावणं हा उपाय नाही. त्याने तापमान एक अंशही उतरत नाही, फक्त जुने होज, हीटरची जाळी आणि रेडिएटरचे जोड यांच्यावर ताण येतो.

कूलंट: आपल्याकडे बर्फाचा प्रश्न नाही, म्हणून ५०:५० चा हट्ट नको. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतो. ३५ ते ४० टक्के कूलंट आणि बाकी डिमिनरलाइज्ड पाणी हे महाराष्ट्रातल्या ऑफरोडसाठी मला योग्य वाटतं, मात्र डब्यावर छापलेल्या किमान प्रमाणाच्या खाली जाऊ नका, नाहीतर गंजरोधक पुरत नाही. नुसतं पाणी तर कधीच नको. या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे आहेत. बोअरवेलचं पाणी दोन उन्हाळ्यांत जाळीच्या नळ्या क्षारांनी बुजवतं. आणि हिरवा, लाल, निळा या रंगांवरून कूलंटची जात कळत नाही. वेगळी जात टाकायची तर आधीचं पूर्ण काढून, साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन मगच.

लालमाती:
झाकणावर ०.९ आहे पण हातपंपावर ०.६ लाच सुटलं. नवीन मागवलं.

थर्मोस्टॅट काढायचा की नाही ते राहिलं.

पानाहातोडी:
काढू नका. पूर्ण उघडलेला थर्मोस्टॅट आणि काढलेला थर्मोस्टॅट यांच्यात १०९ अंशांना फारसा फरक नसतो. काढून टाकल्याने नुकसान हायवेवर आणि थंडीत होतं: इंजिन ६०-६५ अंशांवर चालतं, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल टाकत राहतो, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतं, रिंगा झिजतात, तेलात काळा चिखल होतो.

नवीन टाकलेला नीट आहे ना एवढं बघा. पातेल्यात दोरीला बांधून लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर. छापलेल्या अंशाच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि ९५-१०० ला साधारण ८ मिमी उघडला पाहिजे. बसवताना छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला, तिच्यातून अडकलेली हवा निघते.

तिसरागिअर:
टायरचा मुद्दा. मूळ टायर २०५/७० आर१५, व्यास ६६८ मिमी. ३१ इंच म्हणजे ७८७ मिमी. भागाकार १.१८. रेशो मूळचंच असल्यामुळे गाडीचे सगळे गिअर १८ टक्के लांब झालेत. चाकाला मिळणारा जोर १५ टक्के कमी, आणि जमिनीवरच्या त्याच वेगाला इंजिन जिथे ३,००० वर फिरायचं तिथे २,५५० वर फिरतं. पंप आणि पंखा दोन्ही इंजिनाच्या पट्ट्यावर, म्हणजे तेही तेवढेच मंदावले. आणि अॅक्सिलरेटर मात्र जास्त दाबलेला.

या इंजिनाचा टॉर्क ४,५०० आरपीएमला सर्वात जास्त आहे. २,००० वर दाबून चढवण्याच्या प्रकृतीचं ते नाही. चढावर एक गिअर खाली उतरा आणि ३,००० ते ३,५०० वर ठेवा. उष्णता थोडी वाढेल, पण पाणी आणि हवा त्याहून जास्त वाढेल. कायमचा उपाय म्हणजे छोटे टायर किंवा डिफरन्शियलचं आखूड रेशो. दुसरा खर्चिक आहे, पुढचा आणि मागचा दोन्ही बदलावे लागतात आणि दोन्ही तंतोतंत एकच असावे लागतात. तोवर गिअर खाली उतरवणं फुकट आहे.

शिवाय चारही चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवून बघा. चिखलात फिरलेल्या गाडीच्या मागच्या ड्रममध्ये माती बसून लायनर घासत राहतात, पुढच्या कॅलिपरच्या पिना जाम होतात. तो सगळा भार इंजिनालाच ओढावा लागतो.

वाळूवाट:
इलेक्ट्रिक पंख्यांबद्दल. ते वाईट नाहीत. आयडललाही पूर्ण वेगाने फिरतात, हा त्यांचा खरा फायदा. पण मोडक्या कव्हरच्या जागी ते लावले तर तीच चूक दुसऱ्या रूपात राहते. १६ इंची चांगला पंखा २० ते २५ अँपिअर ओढतो, सुरू होताना त्याच्या दुप्पट-तिप्पट. विंच पूर्ण भाराला ३०० अँपिअरच्या पुढे जातो. छोट्या अल्टरनेटरवर हे दोन्ही आणि दिवे एकत्र आले की व्होल्टेज पडतं आणि पंखा नेमका चढावर मंदावतो.

लावायचाच असेल तर मोठा एकच, मागून ओढणारा, संपूर्ण जाळी झाकणाऱ्या कव्हरसकट. ४० अँपिअरचा रिले, बॅटरीपाशी फ्यूज, मेन वायर ६ चौरस मिमीची, अर्थही तेवढ्याच जाडीची. थर्मोस्विच थर्मोस्टॅटच्या वर चालू होणारा हवा, ९२ ते ९५ च्या आसपास. पाण्यात उतरण्याआधी बंद करायला डॅशबोर्डवर बटण, कारण फिरती पाती पाण्यावर आदळली की मोटर जाम होते आणि फ्यूज उडतो. आणि दोन वायरी उलट लागल्या तर पंखा उलटा फिरतो, वाराही देतो, आणि महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. कागदाने तपासा.

काळाकातळ:
माझी महिंद्रा एमएम५४० जीप, २,११२ सीसीचं एक्सडीपी डिझेल, पंखा थेट पंपावर घट्ट, व्हिस्कस नाही. कव्हर, झाकण, जाळी सगळं ठीक. ओढा ओलांडताना पाती रेडिएटरला लागल्याच्या खुणा आहेत. पट्टा सैल करावा का?

वाळूवाट:
खोल पाणी असेल तर हो. घट्ट पंखा पाण्यात बोटीच्या पंख्यासारखा वागतो, पाती पुढे वाकतात आणि जाळीला चाटतात. पट्टा काढून दोन-तीन मिनिटांत ओलांडा आणि लगेच लावा. दुसरा मार्ग, ग्रिलवर ताडपत्री बांधा आणि न थांबता, समोर लाट राखत जा. पलीकडे गेल्यावर ताडपत्री सर्वात आधी सोडा. आतापर्यंत लागलेली पाती वाकलेली नाहीत ना, मुळाशी तडा नाही ना, हे पंखा काढून बघा. तडा गेलेलं पातं वेगात सुटतं ते थेट बॉनेट फाडून बाहेर येतं.

लालमाती:
सगळ्यांचे आभार. एका वेळी एकच बदल केला आणि तोच चढ, तोच गिअर, तीच १२ मिनिटं ठेवून मोजलं. हवेचं तापमान बदलत असल्यामुळे "हवेपेक्षा किती वर" हा आकडा धरला.

मूळ: हवा ३१, वरचा होज १०९. फरक ७८.
जाळी इंजिनाच्या बाजूने धुतली, एलईडी पट्टी ग्रिलसमोरून काढून छतावर नेली: हवा ३०, होज १०३. फरक ७३.
४ मिमी जाड पट्टीचे चार ब्रॅकेट करून रेडिएटर २५ मिमी खाली आणला, न कापलेलं जुन्या बाजारातलं कव्हर बसवलं, कडेच्या फटींना फोमची पट्टी लावली: हवा ३२, होज ९८. फरक ६६.
व्हिस्कस डबी आणि झाकण नवीन: हवा ३३, होज ९४. फरक ६१.

कागद आता नऊपैकी आठ ठिकाणी चिकटतो. विंचच्या मागची एक जागा राहिली.

पानाहातोडी:
मोजण्याची पद्धत उत्तम. थर्मोस्टॅट पूर्ण उघडा असताना हा फरक त्याच कामाला जवळपास कायम राहतो, म्हणून उन्हाळ्याचा अंदाज आत्ताच करता येतो. हवा ४२ असताना आधीच्या गाडीचा आकडा ४२ अधिक ७८, म्हणजे १२०. ०.६ ला सुटणाऱ्या झाकणासकट ती मे महिन्यात नक्की उकळली असती. आता ४२ अधिक ६१, म्हणजे १०३. शेवटच्या मापाला थर्मोस्टॅट पुरता उघडला नसावा, त्यामुळे प्रत्यक्षात एक-दोन अंश कमीच भरतील.

रेडिएटर खाली आणलाय तेव्हा तीन गोष्टी बघा. पंख्याच्या टोकापासून कव्हरपर्यंत चारही बाजूंना १२ ते २५ मिमी. इंजिन माउंटवर हलतं, म्हणून १० च्या खाली नको. पंख्याची अर्धी ते दोन-तृतीयांश जाडी कव्हरच्या आत, उरलेली बाहेर. खालच्या टाकीखाली स्किड प्लेटपर्यंत किमान २० मिमी, नाहीतर प्लेट दगडावर आपटली की टाकी फुटेल.

घाटमाथा:
स्किड प्लेटला इंजिनाच्या मागच्या भागात, ऑइल चेंबरच्या मागे, हवा सोडायला आडव्या खाचा पाडा. पुढच्या भागाला हात लावू नका, मार तिथेच बसतो. खाचांची मागची कड खाली वाकवली तर ती दगडात अडकते, म्हणून कड वर वाकवा.

मधलीरेघ:
बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेट उचलतात, त्याने हवा निघते ना?

घाटमाथा:
सावकाश चालताना निघते. वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, तेव्हा तिथून हवा उलट आत शिरते आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेला अडवते. जाळ्या पाडायच्याच असतील तर बॉनेटच्या पुढच्या तिसऱ्या भागात, रेडिएटरच्या थोड्या मागे. पावसाचं पाणी तिथून थेट इग्निशनवर पडतं, त्याखाली पन्हाळी हवी.

खारेपाणी:
रेडिएटर उतरवून चढवलाय, म्हणजे हवा अडकली असणार. गाडीचं तोंड उताराच्या वरच्या बाजूला करा, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, कूलंट बारीक धारेने ओता. थर्मोस्टॅट उघडून वरचा होज गरम झाला की पातळी खाली जाईल, भरा, झाकण लावा. दोन वेळा तापून गार झाल्यावर बाटली पुन्हा बघा. हीटरमधून मध्येच गार हवा आली तर आत हवा आहे अजून.

तिसरागिअर:
वाटेत पुन्हा तापली तर: पाणी सांडलेलं नसेल आणि पंखा फिरत असेल तर लगेच बंद करू नका. न्यूट्रल, १,५०० ते २,००० आरपीएम, हीटर पूर्ण, तोंड वाऱ्याकडे. बंद केलं की पंप थांबतो आणि हेडमधली उष्णता तिथेच साचून वाफ होते. पाणी सांडलं असेल तर उलट, तत्काळ बंद. झाकणाला पाऊण तास हात नाही, होज दाबून मऊ लागला की जाड फडक्याने पहिल्या खाचेपर्यंतच फिरवायचं. ब्लॉकवर गार पाणी ओतायचं नाही. आत भरतानाही इंजिन आयडलला ठेवून सावकाश.

एकदा लाल पट्टीच्या वर बराच वेळ गेली असेल तर हेड सपाट आहे का ते बघूनच नवीन गॅस्केट. सरळ पट्टी लांबीत दोनदा, टोकांना दोनदा, तिरकी दोनदा, आणि खाली ०.०५ मिमीची फीलर (फट मोजायची पातळ पट्टी). शिरली तर हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला.

लालमाती:
फीलरची गरज पडलेली नाही, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं आहे. विंचमागची जागा उघडी करायला विंच ४० मिमी खाली घेतोय. पट्टा दहा किलोच्या दाबाला ७ मिमी दबतो. नवीन व्हिस्कस लागल्यावर तो पुन्हा ताणावा लागेल का?

पानाहातोडी:
पट्टा नवीन असेल तर पहिल्या २०० किलोमीटरनंतर एकदा. ६ ते ९ मिमीत असेल तर हात लावू नका, जास्त ताणलेला पट्टा पंपाचं बेअरिंग खातो. ओढ्यातून आल्यावर किंचाळला तर ताणण्याआधी पुलीच्या खाचेतली माती धुवा.